आधी भिंत बघा, मग वाय-फाय : स्मार्ट घरासाठी वायरलेस निवडताना

पहिला स्मार्ट बल्ब मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात, माजघरात लावला. राउटर सोप्यात, मध्ये दोन फुटी दगडमातीची भिंत. उन्हाळाभर बल्ब गुणी पोरासारखा वागला. जुलैत भिंतींनी ओल धरली आणि रोज दिवेलागणीला ॲपमध्ये तो ‘ऑफलाइन’ दिसायला लागला. आबांनी चार दिवस बघितलं आणि म्हणाले, “बटण दाबलं की दिवा लागत हुता. आता फोनला इचारून लावायचा व्हय?”

चूक बल्बची नव्हती. खोक्यावर ‘वाय-फाय’ लिहिलंय एवढं बघून मी तो आणला होता, भिंत बघितलीच नव्हती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कोरड्या विटेतून बऱ्यापैकी जातात, पण ओलीतलं पाणी त्यांना शोषून घेतं. उन्हाळ्यात जेमतेम पुरणारी रेंज आपल्याकडच्या पावसाळ्यात पुरत नाही ती यामुळे.

नंतर नात्यागोत्यात बरीच घरं झाली. राजारामपुरीतला फ्लॅट, रुईकर कॉलनीतला बंगला, पेठेतलीच दोन जुनी घरं आणि करवीर तालुक्यातला एक मळा. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं निघालं, पण उत्तरापर्यंत जायची वाट तीच राहिली. ती इथे क्रमानं मांडतोय.

वही-पेन घ्या, ॲप नंतर

घराचा कच्चा नकाशा काढा. मजले, स्लॅब, जाड भिंती, लोखंडी कपाटं, मोठे आरसे आणि पाण्याच्या टाक्या त्यावर दाखवा. लोखंड लहरी परतवून लावतं, पाणी त्या गिळतं. राउटर लोखंडी कपाटावर ठेवलेला असेल तर कपाटाच्या पलीकडच्या खोलीत रेंज कमी मिळते, हे कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

मग फोनवर वाय-फाय मोजणारं कुठलंही फुकट ॲप घेऊन घरभर फिरा. आकडा उणे चिन्हासह येतो. लहरींची ताकद मोजायचं माप डीबीएम: उणे ५० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत काम भागतं आणि उणे ७५ च्या खाली गेलं की उपकरण आज चालेल, उद्या नाही. मोजताना दारं लावून घ्या, कारण रात्री ती लावलेलीच असतात. आणि जिथे उपकरण बसणार तिथेच मोजा. बल्ब छताला असतो, बोर्ड भिंतीत असतो आणि आपण मोजतो मात्र खोलीच्या मधोमध उभं राहून.

आता कामांची यादी. ‘स्मार्ट घर’ असं लिहू नका, काम लिहा: पहाटे पाणी आलं की मोटर चालू, टाकी भरली की बंद, जिन्यातला दिवा माणसाच्या चाहुलीवर, गिझर अर्ध्या तासानं आपोआप बंद, दारात कोण आलंय ते दिसावं. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी टिपा. वीज बोर्डातून मिळणार की बॅटरीवर चालणार? माहिती किती जाणार, नुसतं ‘चालू-बंद’ की अख्खा व्हिडिओ? अंतर किती आणि मध्ये काय आहे? इंटरनेट गेलं तर हे काम थांबलेलं चालेल का?

या चार उत्तरांतच तंत्रज्ञान ठरतं, कंपनीचं नाव शेवटी येतं.

बोर्ड उघडल्याशिवाय खरेदी नको

वायरलेसच्या लेखात वायरिंग कशाला, असं वाटेल. पण निम्मी फसगत इथेच होते.

स्मार्ट स्विचला स्वतः जागं राहायला वीज लागते, म्हणून बोर्डात फेजबरोबर न्यूट्रलही हवी. आपल्याकडे ज्या बोर्डात सॉकेट असतो तिथे न्यूट्रल असतेच. अडचण येते ती जिन्यातल्या टू-वे बोर्डात आणि पलंगाजवळच्या एका बटणाच्या बोर्डात. तिथे बहुतेक वेळा फक्त फेज फिरवलेली असते. एमसीबी पाडून, वायरमनला सोबत घेऊन प्रत्येक बोर्ड उघडा आणि नकाशावर ‘न्यूट्रल आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहा.

न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात. ते दिव्यातूनच थोडा प्रवाह घेतात, त्यामुळे छोटे एलईडी बंद असतानाही मिणमिणतात. मग त्याला कपॅसिटर जोडा, तरी कधी कधी फडफड राहतेच. शिवाय असे बरेचसे स्विच मेशमध्ये दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाहीत. मेश म्हणजे काय ते पुढे येतंच. माझं मत स्पष्ट आहे: रंगकाम निघालंच असेल तर न्यूट्रल ओढून घ्या.

दुसरी गोष्ट बोर्डामागच्या लोखंडी बॉक्सची. त्यात रिले, म्हणजे बटणामागे बसणारा छोटा स्मार्ट स्विच, बसवला की त्याचा रेडिओ पत्र्याच्या डब्यात कोंडला जातो, लहरी फक्त पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीतून निघतात. जागा असेल तर रिले पुढच्या बाजूला, पट्टीजवळ राहील असा बसवा. अँटेनाची बारीक वायर बाहेर ओढून ठेवायचा मोह मात्र टाळा. या रिलेंच्या आतला सर्किट बोर्ड अनेकदा थेट मेनशी जोडलेला असतो, त्या वायरीला हात लागला तर शॉक बसू शकतो.

तिसरी गोष्ट भाराची. ३ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढतो. त्याला १० अँपिअरचा स्मार्ट प्लग लावणं म्हणजे प्लग वितळायची वाट बघणं. पाण्याच्या मोटरीचं तर आणखी वेगळं. चालू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते आणि छोट्या रिलेच्या आतले संपर्कबिंदू चिकटतात. चिकटलेला रिले ॲपमध्ये ‘बंद’ दाखवतो आणि मोटर वर पाणी ओतत राहते. आमच्या गच्चीवरून शेजाऱ्यांच्या पापडांवर असा धबधबा एकदा पडून गेलाय. मोटरीला कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भार पेलणारा मोठा स्विच, लावा आणि स्मार्ट रिलेनं फक्त त्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा.

कोण कुठल्या कामाचा

वाय-फाय घरात आहेच, म्हणून सगळं त्यावर टाकावंसं वाटतं. कॅमेरा, दारावरची व्हिडिओ बेल, टीव्ही, स्पीकर यांना तेच लागतं, कारण माहिती भरपूर असते. गिझरचा एक स्विच, एसीचा एक रिमोट, अशी चार-पाच उपकरणं वाय-फायवर खुशाल ठेवा. पण तीस बल्ब आणि वीस स्विच नकोत. इंटरनेटवाल्यानं दिलेला साधा राउटर इतकी तोंडं सांभाळताना दमतो आणि मग मुलांचा ऑनलाइन क्लास अडकला की खापर बल्बवर फुटतं. बॅटरीवरच्या सेन्सरसाठीही वाय-फाय महाग पडतं, दर वेळी जागं होऊन राउटरशी बोलण्यात त्याची बॅटरी भराभर उतरते.

एक नेहमीची अडचण इथेच सांगून टाकतो. स्वस्त उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरवर २.४ आणि ५ चं नाव एकच असेल तर जोडणी अडते. थोड्या वेळासाठी दोन्हींची नावं वेगळी करा, आणि वाय-फायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असेल तर जुनी डब्ल्यूपीए२ सुद्धा चालू ठेवा. दहातल्या आठ ‘बिघडलेल्या’ उपकरणांचा आजार माझ्या अनुभवात एवढाच निघाला.

झिग्बी ही छोट्या उपकरणांसाठीची वायरलेस पद्धत, माझा आवडता गडी. तोही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतो, पण वेग सेकंदाला फक्त २५० किलोबिट, म्हणून वीज कमी खातो. दाराचा किंवा हालचालीचा सेन्सर बटणाएवढ्या सेलवर वर्ष-दोन वर्षं चालतो. खरी गंमत मेशची. विजेवर चालणारं प्रत्येक झिग्बी उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवतं. सोप्यातला हब, म्हणजे या सगळ्या उपकरणांना हुकूम देणारा डबा, माजघरातल्या स्विचशी बोलतो, तो स्विच स्वयंपाकघरातल्या प्लगशी आणि तो परड्यातल्या सेन्सरशी. जाड भिंत एकदम भेदायची गरजच उरत नाही, दाराच्या फटीतून वळसा घालून निरोप जातो. आमच्या माजघराचा प्रश्न शेवटी असाच सुटला, दाराशेजारच्या बोर्डात एक झिग्बी स्विच बसवून. मात्र निरोप नेण्याचं काम विजेवरचीच उपकरणं करतात, बॅटरीवरची नाही. आणि झिग्बी बल्ब भिंतीच्या बटणानं बंद केला की तो मेशमधूनही जातो, त्याच्या भरवशावर असलेला सेन्सरही मुका होतो. घरात वडीलधारी माणसं असतील तर ती बटण बंद करणारच. त्यामुळे स्मार्ट बल्बपेक्षा स्मार्ट स्विच बरा.

थ्रेड आणि मॅटर या दोघांची लोक फार गल्लत करतात. थ्रेड हे रेडिओचं जाळं आहे. झिग्बीचाच पाया, म्हणजे ८०२.१५.४ हे मानक, पण त्यावर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा आयपी पत्ता. त्याला घरच्या नेटवर्कशी जोडायला ‘बॉर्डर राउटर’ लागतो, तो काही स्मार्ट स्पीकरच्या आणि टीव्हीच्या डब्यांच्या पोटात असतो. मॅटर हा रेडिओ नाहीच, ती भाषा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. ही भाषा वाय-फाय, थ्रेड किंवा केबलवरून बोलता येते, पहिल्या ओळखीपुरतं ब्लूटूथ वापरतात. म्हणजे खोक्यावर ‘मॅटर’ दिसलं तरी ‘कशावरून?’ हा प्रश्न उरतोच. मॅटरचा फायदा असा, की एकच उपकरण वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमधून चालतं आणि हुकूम घरातल्या घरात फिरतो. नवं घर बांधताय आणि बजेट सैल आहे, तर मॅटर-थ्रेडकडे बघा. जुन्या घरात स्वस्तात काम उरकायचं, तर आज तरी झिग्बी जास्त पर्याय देतं, आणि मॅटर बोलणारा हब घेतला तर झिग्बीची उपकरणंही त्याच्यामार्फत मॅटरमध्ये येतात.

ब्लूटूथ कुलपाला आणि एका खोलीतल्या दिव्याला ठीक. फोन घेऊन तुम्ही बाहेर गेलात की संपर्क तुटतो, हब असेल तरच पुढचं.

झेड-वेव्ह हे झिग्बीसारखंच मेशचं जाळं, पण एक गिगाहर्ट्झच्या खाली बोलतं, म्हणून भिंतींतून चांगलं जातं आणि वाय-फायच्या गर्दीत सापडत नाही. पण त्याची लहर देशागणिक वेगळी आहे. भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०८.४. अमेरिकेतल्या भाच्यानं मामासाठी हौसेनं आणलेलं झेड-वेव्ह कुलूप इथल्या हबशी बोलणार नाही. शिवाय ९०८ हा आकडा आपल्याकडे मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, तिथे खासगी उपकरणानं बोलायला परवानगी नाही. आपल्या बाजारात झेड-वेव्हचा माल तुरळक आणि महाग, म्हणून मी ते कुणाला सुचवत नाही.

जुना एसी आणि टीव्ही यांना आयआर ब्लास्टर, म्हणजे रिमोटची नक्कल करणारा डबा, पुरतो. तो समोरासमोर दिसायला हवा, मध्ये पडदा आला की संपलं. ४३३ मेगाहर्ट्झचे स्वस्त रिमोट स्विच पंख्याला चालतात, पण बहुतेक एकतर्फी असतात. हुकूम गेला की नाही, हे ते परत सांगत नाहीत. मोटरीला ते कधीच लावू नका.

मेंदू घरात हवा

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरावीक उंचीवर आलं की दाबानं दरवाजा आपोआप उघडतो, उतरलं की मिटतो. त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही. टाकी भरल्यावर मोटर बंद होण्याचं काम तसंच हवं. पण स्वस्त वाय-फाय उपकरणांत हा निर्णय कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर होतो. गच्चीवरच्या सेन्सरचा निरोप परदेशात जाऊन तळमजल्यावरच्या मोटरीकडे परत येतो. रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटली की टाकी वाहते.

म्हणून हब निवडताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: “नेटची केबल काढली तर टाकीचा नियम चालेल का?” उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या दुकानात जा. थोडं हात काळे करायची तयारी असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक किंवा जुना छोटा संगणक, त्यावर होम असिस्टंट ही घर चालवणारी फुकट प्रणाली आणि झिग्बीचा यूएसबी डोंगल, म्हणजे पोर्टात बसणारा छोटा रेडिओ, हे माझ्या मते सगळ्यात टिकाऊ. डोंगल मात्र थेट संगणकात खुपसू नका. यूएसबी ३ चं पोर्ट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट करतं. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवा. हब घराच्या मध्यावर, राउटरपासून दोन-तीन मीटर दूर.

चॅनेल आधी, जोडणी नंतर

राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत शेजारच्या वीस घरांचे राउटर तुमच्या खोलीत बोलत असतात. वाय-फायचे १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. तुमच्या घरात कुठला मोकळा आहे ते ॲपमध्ये बघा, तो राउटरवर पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. झिग्बीचे चॅनेल ११ ते २६. त्यातले १५, २० आणि २५ वाय-फायच्या या तीन चॅनेलांच्या फटीत बसतात. मी बहुधा २५ घेतो. २६ कागदावर सगळ्यात मोकळा, पण काही उपकरणं त्यावर क्षीण आवाजात बोलतात. हे सगळं पहिलं उपकरण जोडायच्या आधी ठरवा. नंतर चॅनेल बदलला तर निम्मी उपकरणं हरवतात आणि पुन्हा स्टुलावर चढावं लागतं.

मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. एका वहिनींची तक्रार होती की रविवारी दुपारीच सेन्सर का रुसतो. रविवारी पांढरा रस्सा गरम व्हायचा आणि सेन्सर मायक्रोवेव्हच्या मागेच चिकटवलेला होता. दोन मीटर सरकवला, भांडण मिटलं.

जोडताना आधी विजेवरची उपकरणं, हबजवळून सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं. बॅटरीवरची शेवटी, आणि ती जिथे राहणार आहेत तिथेच उभं राहून. हबशेजारी जोडून मग गच्चीवर नेलेला सेन्सर बऱ्याचदा जुनीच वाट धरून बसतो. मॅटरच्या उपकरणावरचा क्यूआर कोड बोर्ड बंद करण्याआधी फोटो काढून आणि वहीत चिकटवून ठेवा. तो भिंतीत गेला की राउटर बदलल्यावर भिंत उकलावी लागते.

आणि सगळं एकदम घेऊ नका. एक हब, दोन स्विच, एक सेन्सर, पंधरा दिवस. शक्य असेल तर ते पंधरा दिवस पावसाळ्यातले असू द्या.

लाइट गेल्यावर काय होतं ते बघा

एका रात्री मेन स्विच पाडा आणि पाच मिनिटांनी परत चढवा. सगळे बल्ब लख्ख पेटले तर प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन वीज आल्यावर ‘आधीच्या स्थितीत’ असं निवडा. मोटर आणि गिझर मात्र नेहमी ‘बंद’. रात्री दोन वाजता लाइट आली आणि कोरड्या हौदावर मोटर चालू झाली तर सकाळी रिवाइंडिंगचा खर्च.

राउटर, फायबरचा डबा आणि हब यांना मिनी यूपीएस लावा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. राउटरला यूपीएस आणि फायबरचा डबा थेट भिंतीत, ही चूक मीही केली आहे.

पंचगंगेच्या काठच्या वस्तीसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिलेत. तळमजल्यावर असाल तर हब, राउटर, यूपीएस माळ्याच्या उंचीवर ठेवा. पार्किंगमध्ये किंवा उंबऱ्याशी पाण्याचा झिग्बी सेन्सर चिकटवा, रात्री पाणी शिरलं तर तो उठवेल. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठतं तेव्हाच खालचे स्मार्ट प्लग काढून घ्या. ४३ फुटांची धोका पातळी आल्यावर जिन्यावर सामान चढवायची घाई असते, प्लग कुणाला आठवत नाहीत.

सुरक्षेचं थोडक्यात: सगळी उपकरणं राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला, कॅमेऱ्याचं चित्रण शक्यतो घरातल्या कार्डवर. कॅमेऱ्याला केबल ओढता येत असेल तर वायरलेसचा हट्टच नको.

मळ्यावरचं गणित निराळं

घर गावात आणि मोटर नदीकाठी तीन किलोमीटरवर, हे आपल्याकडचं नेहमीचं. इथे वाय-फाय, झिग्बी काहीच पोचत नाही. बहुतेकांकडे सिमवर चालणारा मोबाईल स्टार्टर असतो आणि तिथे रेंज असेल तर तो पुरेसा आहे. घेताना तो २जी आहे की ४जी ते बघा. फक्त ४जी असलेल्या कंपनीचं सिम जुन्या २जी स्टार्टरमध्ये चालत नाही.

रेंज नसलेल्या ओढ्याकाठी लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ बघण्यासारखा आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात तो बोलतो, सिम नाही, महिन्याचं रिचार्ज नाही, मोकळ्या रानात काही किलोमीटर जातो. माहिती मात्र चिमूटभर: मोटर चालू की बंद, तिन्ही फेज आहेत का, विहिरीत पाणी किती. आपल्याला तेवढंच हवं असतं. बाजारात लोराचे बोर्ड ४३३, ८६८ आणि ९१५ अशा तीन प्रकारांत येतात. ८६८ चा घ्या आणि सेटिंगमध्ये आपला पट्टा निवडा, ९१५ चा स्वस्त मिळाला तरी नको.

आणि अँटेना उसाच्या वर काढा. जूनमध्ये कंबरेएवढ्या उसात आम्ही पेटी बसवली तेव्हा निरोप घरापर्यंत खणखणीत यायचा. ऑक्टोबरात ऊस डोक्यावर गेला, पाल्यात पाणी साचलं आणि पेटी गप्प झाली. मग पंधरा फुटी जीआय पाइप रोवून टोकाला अँटेना बांधली, खाली अर्थिंग दिलं. तोडणीच्या वेळी त्या पाइपाला लाल फडकं बांधायला विसरू नका, ट्रॅक्टरवाल्याला तो दिसत नाही.